दहा बाय बाराचा एकांत

वासुदेव गायतोंडे गिरगावातल्या कुडाळदेशकर वाडीत, चाळीत वाढले. त्यांच्या चित्रासमोर उभी राहिले की मला दर वेळी ही वाडी आठवते. समोर बहुतेक सगळा एकच रंग असतो, राखाडी म्हणावा तर हिरव्याकडे झुकलेला, आणि त्यात काही आकार वर यावं की बुडावं अशा बेतात थांबलेले. त्या चित्रात आवाज नाही. आणि ते काढणारा माणूस लहानाचा मोठा झाला तो अशा ठिकाणी, जिथे आवाजाला भिंतच नसते. पहाटे नळावर हंड्यांची रांग, एका बिऱ्हाडात परवचा, दुसऱ्यात तान्ह्याचं रडणं, गॅलरीत पत्त्यांचा डाव, खाली वाडीत कल्हईवाल्याची हाळी. ही सगळी गर्दी अंगावर घेऊन वाढलेल्या माणसाच्या हातून पुढे इतकी निश्चल चित्रं कशी उतरली, हा प्रश्न मी स्वतः चित्रं काढायला लागल्यापासून माझ्यासोबत आहे.

जाणकारांकडे याची उत्तरं आहेत. गायतोंडे १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेऊन बाहेर पडले, पॉल क्लीच्या चित्रांनी त्यांना आकार मोकळे करायला शिकवलं, झेन विचार त्यांना जवळचा वाटला, १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांचा प्रभावही सांगितला जातो. हे सगळं मला मान्य आहे. फक्त यातले निसर्गदत्त महाराज राहत होते खेतवाडीत, गिरगावातच. त्यांचं विड्यांचं दुकान होतं आणि देशोदेशीची माणसं त्यांच्या घराच्या पोटमाळ्यावर दाटीवाटीनं बसून त्यांचं बोलणं ऐकत होती. म्हणजे गायतोंड्यांची शांतता हिमालयातून आली असं मानायची गरज नाही. गिरगावात शांतता आणि गर्दी एकाच जिन्यानं चढ-उतर करत होत्या.

मला वाटतं, चाळ माणसाला डोळ्यांनी एकांत मिळवायला शिकवते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, परळच्या आमच्या खोलीत शिकले आहे. दहा बाय बाराची खोली, त्यात आजी, आई-वडील आणि आम्ही भावंडं. शरीराला बाजूला जायला जागा नव्हती. मग प्रत्येकानं नजर ठेवायला एकेक जागा धरली होती. रात्रपाळी करून आलेले वडील भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि झोप लागेपर्यंत त्या भिंतीत काहीतरी बघत राहायचे. आजीची नजर स्टोव्हच्या निळ्या ज्योतीवर. माझी जागा मोरीच्या शेजारची. तिथे भिंत ओल धरायची.

त्या भिंतीला नीळ घातलेला चुना दिलेला होता. जूनमध्ये ओल खालच्या कोपऱ्यातून वर निघायची आणि श्रावण लागेपर्यंत कॅलेंडरला येऊन टेकायची. ओल्या भागात चुन्याचा आकाशी रंग गडद व्हायचा, जवळजवळ शाईसारखा, आणि कडेला मात्र पांढरा लोणा फुटायचा, मिठाच्या कण्यांसारखा, बोटाला खरखरीत लागणारा. दिवाळीच्या आधी ऊन पडलं की पोपडे सुटत. एक पोपडा नखानं अलगद उचलला की खाली गुलाबी रंग दिसे. तो कोणत्या दिवाळीचा, हे आजीला आठवत असे. गुलाबीच्या खाली पिवळा, आणि पिवळ्याच्याही खाली एक मातकट थर, आम्ही त्या खोलीत येण्याच्या आधीचा. मी त्या भिंतीत कधी हत्ती-घोडे शोधले नाहीत. मला गडद रंग फिक्यात कसा शिरतो तेच बघायचं असे. कुठे तो एका रेघेत थांबतो, कुठे विरघळतो, कुठे लोणा त्याला अडवतो. शाळेतून आल्यावर, दप्तर पाठीवर असतानाच, आज ओल कुठवर आली ते मी बघून घेई.

भिंतीकडे असं बघणारी मी काही पहिली नव्हे. लिओनार्दो दा विंचीनं चित्रकारांना सांगून ठेवलं होतं की डाग पडलेल्या भिंतींकडे लक्ष देऊन पाहा, त्यांत तुम्हाला डोंगर, नद्या, लढाया दिसतील. त्याच्या चारेकशे वर्षं आधी चीनमध्ये सोंग दी नावाच्या चित्रकारानं हाच उपाय आणखी नेटका करून सांगितला होता. पडक्या भिंतीवर पांढरं रेशीम पसरावं आणि सकाळ-संध्याकाळ त्यातून भिंत न्याहाळत राहावं, मग तिच्या उंचसखलपणातून आपसूक डोंगर-दऱ्या उभ्या राहतात. हे दोघे मोठे. पण दोघांनाही भिंतीतून दुसरं काहीतरी व्हायला हवं आहे. अमूर्त चित्रकार त्याच भिंतीपाशी येतो आणि डाग डोंगर होण्याच्या आधी थांबतो. डागाला त्याचं स्वतःचं वजन आहे, कड आहे, चाल आहे. तेवढं त्याला पुरतं. हे थांबणं अवघड असतं, कारण आपलं मन प्रत्येक गोष्टीला झटकन नाव देऊन मोकळं होतं, आणि नाव दिलं की बघणं संपतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. बा. सी. मर्ढेकरांनी कलाकृतीची लय समजावताना संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वं मांडली, ती चित्रातल्या माणसाला, झाडाला किंवा देवाला धरून नव्हती. रंगाचं रंगाशी, रेषेचं रेषेशी काय नातं जमतं, यावर त्यांची सगळी मदार होती. जे. जे.त असताना मर्ढेकर वाचले तेव्हा मला मोरीशेजारची भिंत आठवली. ओल आणि लोणा यांच्यातला विरोध, आकाशी आणि शाई यांच्यातला संवाद मी आधीच बघून ठेवला होता. मर्ढेकरांनी त्यांची नावं सांगितली.

वडील गिरणीत साचा खात्यात होते. शंभर-शंभर साचे धडधडत असताना कुठल्या साच्यावर तार तुटली हे त्यांना लांबून कळायचं, असं त्यांचे सोबती सांगत. घरी नवी चादर आली की आई तिच्यावरची फुलं बघायची आणि वडील चादर उजेडासमोर धरायचे. ताणा कसा, बाणा कसा, कुठे सूत जाड-बारीक झालंय. छापलेलं फूल त्यांच्या लेखी नंतर आलेलं होतं. आधी कापड. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आमच्या घरातला तो पगार पुन्हा आला नाही. पण वडिलांची नजर गेली नाही. मी पहिला मोठा कॅनव्हास घरी आणला तेव्हा त्यांनी तो उलटा केला. पाठीमागच्या कोऱ्या कापडावरून अंगठा फिरवला, कडेचा एक धागा ओढून पाहिला, आणि सूत बरं आहे म्हणाले. चित्र त्यानंतर पाहिलं. रंगाखाली कापड आहे, हे मला आर्ट स्कूलमध्ये कुणी इतकं स्पष्ट करून दाखवलं नव्हतं.

म्हणून विणकर सेवा केंद्राबद्दल मला वेगळी आपुलकी आहे. ऑपेरा हाउसजवळ, मामा परमानंद मार्गावर हे केंद्र आहे. पन्नासच्या दशकात पुपुल जयकरांच्या पुढाकारानं अशी केंद्रं उभी राहिली आणि हातमागाच्या विणकरांसाठी नवी डिझाइनं करायला चित्रकारांना नोकऱ्या मिळाल्या. के. जी. सुब्रमण्यन मुंबईच्या केंद्रात होते. अकोल्याचे अंबादास या केंद्रांमधून काम करत होते. आणि प्रभाकर बरवे. बरव्यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा, १९३६ चा. आधी बनारसच्या केंद्रात, मग मुंबईत. दिवसभर साडीच्या काठाचा, पडद्याचा, चादरीचा विचार, आणि उरलेल्या वेळात स्वतःचा कॅनव्हास. काही लोक याकडे पोटासाठी केलेली तडजोड म्हणून बघतात. मला ते पटत नाही. एक आकार किती वेळा पुन्हा यावा, दोन आकारांमध्ये किती जागा मोकळी सोडावी, रंग पसरला की त्याचं काय होतं, याचा रोजचा रियाज त्या नोकरीनं करून घेतला असणार.

बरव्यांच्या चित्रात वस्तू ओळखू येतात. घड्याळ, पान, पाकीट, पिन. पण त्या कुठेच ठेवलेल्या नसतात. टेबल नाही, भिंत नाही, सावली पडली तरी कशावर पडली ते कळत नाही. रंग म्हणून ते पुष्कळदा एनॅमल वापरायचे, दार-खिडक्यांना लावतात त्या जातीचा, आणि त्यातून इतका सपाट, इतका विरळ पृष्ठभाग काढायचे की वस्तू हवेत नुसती आहे असं वाटतं. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० साली मौज प्रकाशनानं काढलं. मौज म्हणजे खटाववाडी, म्हणजे पुन्हा गिरगाव. चित्रकारानं चित्रप्रक्रियेबद्दल मराठीत इतक्या आतून लिहिलेलं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. वर्षानुवर्षं ते डायऱ्या लिहीत होते, आणि २०१९ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईतल्या दालनात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा चित्रांसोबत त्या डायऱ्यांनाही जागा होती. त्या दालनात मी एका घड्याळासमोर बराच वेळ उभी होते. प्रत्येक चाळकऱ्याच्या घरात असतं तसलं ते घड्याळ. पण ते वेळ दाखवत नव्हतं. वेळ दाखवायचं काम काढून घेतल्यावर घड्याळात जे उरतं ते तिथे होतं.

माझ्या स्वतःच्या रंगांपैकी निम्मे लालबागचे आहेत, आणि त्यातला लाल मसाला गल्लीतला.

एप्रिल-मे महिन्यांत त्या गल्लीत शिरलं की आधी ठसका लागतो, मग डोळ्यांत पाणी येतं, आणि त्या पाण्यातून लाल दिसायला लागतो. आईचं बोट धरून मी जायचे तेव्हा मला मिरची एकच माहीत होती. आईला चार होत्या. बेडगी सुरकुतलेली, काळपट लाल, हातात घेतली तर सुकल्या कातड्यासारखी. तिखटाला कमी, रंगाला भरपूर. संकेश्वरी लांब, उजळ, नारिंगीकडे जाणारी, आणि जहाल. काश्मिरी रुंद, गुळगुळीत, नुसती शोभेला असावी अशी. लवंगी बोटाच्या पेराएवढी, तिच्या वाटेला जायचं नाही. आई मूठभर मिरच्या घेऊन हलवायची आणि बियांच्या आवाजावरून किती सुकल्यात ते सांगायची. मग हे सगळं घरी यायचं आणि गच्चीवर जायचं.

परळच्या चाळीची गच्ची त्या दिवसांत बघावी. प्रत्येक बिऱ्हाडाची जुनी साडी किंवा धोतर पसरलेलं, आणि त्यावर मिरच्या. चार विटा चार कोपऱ्यांना. कुणाची बेडगी जास्त, कुणाची संकेश्वरी, कुणी दोन्हींचे वेगळे पट्टे केलेले, मधे धण्यांचा फिकट हिरवा-पिवळा चौकोन, हळकुंडांचा एक तुकडा. साडीचा मूळ रंग मिरच्यांच्या फटींतून दिसायचा. निळ्या साडीवरच्या मिरच्या शेजारच्या पांढऱ्या धोतरावरच्या मिरच्यांपेक्षा जास्त लाल दिसायच्या, आणि दोन्ही एकाच दुकानातून, एकाच पोत्यातून आलेल्या असायच्या. हे मला तेव्हा फार विलक्षण वाटलं होतं आणि अजून वाटतं. एकाच लालचे दोन लाल होतात, ते खालच्या रंगामुळे. दुपारी बायका पदर डोक्यावर घेऊन देठं काढायला बसत. त्यांचे हात चालत तसतसे ते लाल चौकोन हलत, कडा बदलत, एक भाग विरळ होई, दुसरा दाट. संध्याकाळी सगळं गोळा करून कांडपाला. गच्चीवर उरायचे ते फक्त विटा आणि काही बिया.

मोंद्रियाननं न्यूयॉर्कला आल्यावर १९४२-४३ मध्ये ‘ब्रॉडवे बूगी वूगी’ काढलं, पिवळ्या-लाल-निळ्या चौकोनांचं. त्यात शहराचे रस्ते आणि जॅझचा ठेका आहे असं सगळे म्हणतात, आणि ते नुसते चौकोन आहेत हेही खरं आहे. मी ते चित्र छापील पानावर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमची गच्ची दिसली. त्यात मोंद्रियानला कमी लेखण्याचा काही प्रश्नच नाही. रोज डोळ्यासमोर असलेल्या जागेची आखणी पुरेशा प्रेमानं पाहिली की ती भूमितीपर्यंत पोहोचते, मग ती मॅनहॅटनची असो की परळची.

लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांबद्दल सगळेच लिहितात, पण ते भाद्रपदातल्या कारखान्यांबद्दल. मी जाते आषाढात. तेव्हा मूर्तींना रंग लागलेला नसतो. बाहेर धो-धो पाऊस, छपराला ताडपत्री, आत रांगेनं पांढरे आकार. सोंड, पोट, मांडी यांची नावं बाजूला ठेवली तर एका गोलाईवरून दुसऱ्या गोलाईवर घसरणारा उजेड तेवढा उरतो. ताडपत्री निळी असली तर पांढऱ्याच्या सावल्या निळ्या, पिवळी असली तर मधाळ. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते आणि ती होताच तो देव होतो, मग मी हात जोडते आणि निघते. त्याच्या आधीचे आठवडे मात्र चित्रकाराचे आहेत.

दादरचा फुलबाजारही पहाटे पाहून झाला. झेंडू तिथे इतका असतो की डोळा काही निवडूच शकत नाही. माझ्या हाती तिथून फारसं काही लागलं नाही.

लागलं ते पाडकामातून. गिरणगावात गेली तीस वर्षं चाळी पडताहेत, टॉवर उठताहेत. काळाचौकीच्या बाजूला एक चाळ अर्धी पाडून ठेवलेली मी पाहिली. पुढचा भाग गेलेला, मागची भिंत तीन मजली उभी, आणि त्या भिंतीवर खोल्यांचे चौकोन एकावर एक रचलेले. पोपटी, आकाशी, अबोली, पिस्ता. प्रत्येक बिऱ्हाडानं आपापल्या आवडीचा डिस्टेंपर लावलेला, आणि शेजाऱ्याचा रंग कोणता हे भिंतीपलीकडून कधी पाहायची वेळ न आलेली. आता ते रंग रस्त्यावरून एकमेकांशेजारी दिसत होते, आणि विश्वास बसणार नाही इतके एकमेकांना शोभत होते. पोपटी चौकोनात देवघराच्या कोनाड्याखाली तेलाचा तपकिरी ओघळ. आकाशीत कॅलेंडरच्या जागी एक फिका आयत, त्याच्या डोक्यावर खिळ्याचं भोक. पिस्त्यात मोरीच्या उंचीपर्यंत शेवाळी. एका खोलीत फळीच्या खुणा, एकाखाली एक चार, आणि सगळ्यात वरच्या रेघेवर डब्यांचे गोल. स्वयंपाकाच्या कोपऱ्यातला काजळीचा पंखा वरच्या बिऱ्हाडाच्या जमिनीपाशी येऊन सरळ कापलेला.

मी त्या भिंतीसमोर उभी राहून रडले हे सांगायला मला संकोच वाटत नाही. त्या माणसांना मी ओळखत नव्हते. पण त्यांच्या राहण्याचा जो उरलेला भाग त्या भिंतीवर होता त्याला चेहरे नव्हते, नावं नव्हती, प्रसंग नव्हते. होते ते रंग, कडा, उंची आणि अंतरं, आणि तरी सगळं होतं. अमूर्त चित्राला माणसाचं काही पडलेलं नसतं, असं कोणी म्हटलं की मला ती भिंत त्याला नेऊन दाखवावीशी वाटते. ती आता नाही.

अशी भिंत दिसली की हल्ली खिशातून फोन निघतो. गंजलेले पत्रे, फाटलेली पोस्टरं, तेलाचे डाग यांचे सुंदर फोटो काढणारे पुष्कळ आहेत आणि त्यांत काही वाईट नाही. १९४९ पासून पॅरिसमध्ये काही कलावंत रस्त्यावरची फाटकी पोस्टरं थरांसकट सोलून आणून तीच चित्र म्हणून टांगत होते, आणि ते धाडस होतं. पण मला वाटतं, सापडलेला डाग आणि काढलेलं चित्र यांच्यामध्ये एक मोठा रस्ता आहे आणि तो हातानंच चालावा लागतो. काळाचौकीची भिंत मी जशीच्या तशी कॅनव्हासवर उतरवली असती तर ते एका भिंतीचं चित्र झालं असतं, आणि मग मूळ भिंत त्याहून कितीतरी चांगली होती. भिंतीतून घ्यायचं ते तिचं वागणं. एक रंग दुसऱ्याला झाकतो तेव्हा तो पूर्ण झाकत नाही. झाकलेला रंग वरच्याची जात बदलतो. कड ही दोन्ही बाजूंनी बनते.

गायतोंडे साठच्या दशकापासून रोलर वापरत. रंग लावायचा, सुरीनं खरवडायचा, पुन्हा लावायचा. पुढे कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून त्यांतून आकार उमटवायचे. वर्षाला मोजकेच कॅनव्हास पुरे होत, कारण उरलेला वेळ बघण्यात जाई. आपल्या चित्रांत कुठल्याही वस्तूचं चित्रण नाही यावर ते ठाम होते, आणि त्यांचं ते म्हणणं मी जसंच्या तसं मानते. कुडाळदेशकर वाडी त्यांच्या चित्रात कुठेही नाही. थर देण्याचा आणि वाट बघण्याचा जो धीर त्या चित्रांत आहे, तो मात्र अशाच वाड्यांमध्ये तयार होतो असं मला वाटतं. प्रभाकर कोलत्यांनी जे. जे.त विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या. त्यांच्या चित्रात एक मोठा रंग सगळ्यावर पडदा टाकतो आणि मधेच एखाद्या लहानशा झरोक्यातून खालची धामधूम दिसू देतो. हेही थरांचंच काम, पण चाल वेगळी. गायतोंडे खालचं विरघळवतात, कोलते ते मिटून घेतात आणि किलकिलं ठेवतात.

माझं काम यांच्यापुढे लहान आहे, पण पद्धत सांगते. लाल काढायचा असला की मी निळ्यापासून सुरू करते, गच्चीवरच्या त्या निळ्या साडीमुळे. निळा वाळला की त्यावर पातळ मातकट, मग पहिला लाल. हा लाल बहुधा खोटा दिसतो, दुकानातल्या पाटीसारखा. तो ओला असतानाच खरवडते. निळा कुठे वर येतो, कुठे येत नाही, ते बघून दुसरा लाल ठरतो. या सगळ्यात मिरची कधीच हरवलेली असते. ती हरवली नाही तर मला थांबावं लागतं, कारण मग हात आठवणीचं चित्र काढायला लागतो.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेलात क्रिस्टीजच्या लिलावात गायतोंड्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं. दुसऱ्या दिवशी आमच्या चाळीत ती बातमी वाचली गेली आणि गायतोंडे हे नाव तिथे पहिल्यांदा उच्चारलं गेलं, ते किमतीसह. मला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. या चित्रांवर आपला हक्क नाही, ही श्रीमंतांची भाषा आहे, असं लोकांनी त्या आकड्यावरून समजून घेतलं. आणि ते चित्र ज्या नजरेतून आलं ती नजर घडली होती गिरगावच्या एका चाळीत, त्यांच्यासारख्याच घरात. जहांगीर कलादालनाचा दरवाजा १९५२ पासून सगळ्यांना उघडा आहे, तिकीट नाही. तरी परळहून तिथे जाणारी माणसं फार थोडी. मी प्रदर्शन लावते तेव्हा चाळीत घरोघरी जाऊन सांगते. आग्रहानं सांगते, लग्नाचं आमंत्रण द्यावं तसं.

गेल्या प्रदर्शनाला आमच्या मजल्यावरच्या एक काकू आल्या होत्या. आईच्या वयाच्या, गच्चीवर आईशेजारी त्यांची साडी पसरलेली असायची. मी चित्रांना नावं देत नाही, त्यामुळे वाचायला त्यांना काही नव्हतं. त्यांनी एक फेरी घातली, पर्स काखेत घट्ट धरून, आणि सगळ्यात मोठ्या लाल चित्रासमोर येऊन थांबल्या. कलेवर लिहिणारे एक गृहस्थ आधी त्याच्यासमोर उभे राहून गेले होते आणि त्यांनी लालबद्दल बरंच चांगलं सांगितलं होतं, पण एकच लाल धरून. काकूंनी मान तिरकी केली. मग जवळ गेल्या, इतक्या जवळ की गॅलरीचा माणूस पुढे आला.

“वर बेडगी आहे ना गं?” त्या म्हणाल्या. “आणि खाली हे संकेश्वरीचं लावलंयस. मिसळलं का नाहीस?”

मी त्यांना सांगितलं की मिसळून पाहिलं होतं, पण मग दोन्ही बसत होते, म्हणून मधे निळ्याची रेघ राहू दिली. त्यांनी ती रेघ शोधली. सापडल्यावर बोटानं हवेतच तिच्यावरून खूण केली, इथून इथपर्यंत, आणि मला विचारलं की ही उजवीकडे अशी खाली का गेली. आम्ही त्या चित्रासमोर पुढचा अर्धा तास त्या रेघेबद्दल बोलत होतो.